सत्तेचाळिसावी ओळ

आमच्या लॅबचे सर सकाळी उठल्यावर विचार करत नसत. ही टीका नाही, ते स्वतःच अभिमानानं सांगायचे. "इचार आदल्या दिवशी करून ठिवायचा. सकाळी उठलं की नुसतं करत सुटायचं." मिरजेला एका तानपुरे बनवणाऱ्याच्या माडीवर ते एकटे राहायचे, बायको, घर आणि ऊस फलटणला. त्यांच्या खोलीच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता, त्यावर सकाळी करायच्या कामांची यादी. आमच्यातला एक मुलगा जर्नलं पोचवायला गेला होता, त्यानं ती वाचली. पहिलं काम, "डोळे उघडणे." दुसरं, "चष्मा लावणे." आता यादी वाचायलाच चष्मा लागणार, आणि चष्मा लावा हे यादीत लिहिलेलं. त्या मुलानं ही भानगड सरांना दाखवून दिली. सर म्हणाले, "मग? इतकी वर्षं बिनतक्रार चाललंय की."

त्यांची मोटारसायकल कायम फाटकाकडं तोंड करून उभी असायची, चपला दाराकडं तोंड करून. खाली तानपुरेवाले एकेक तार जुळवत बसलेले असत, आणि वर सर कवायत करत. घरमालक एकदा म्हणाले, "तुमच्या उड्यांनी माझा षड्ज हलतो." सरांनी उड्यांची वेळ बदलली नाही. त्यांनी मालकांना तानपुरे जुळवायची वेळ बदलायला सांगितली, आणि ते यादीत लिहून ठेवलं.

फौजेत ते सिग्नलमध्ये होते. तारा, वायरलेस, पुढं पुढं कॉम्प्युटर. निवृत्त झाल्यावर आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लॅबवर लागले. कॉलेज सांगलीजवळ. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर प्राचार्य त्याचाही फ्लेक्स लावतील.

मी म्हसवडची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही, आणि कुणी पाठ थोपटावी म्हणूनही सांगत नाही, पण सांगते. वडील फौजेतून आले आणि साखर कारखान्याच्या गेटवर बसले. त्यामुळं फौजी माणसाच्या शिस्तीखाली राहायची मला घरूनच सवय होती. सरांना बघितल्यावर मला वाटलं, एका छावणीतून सुटून मी दुसरीत आले, आणि हिची फीसुद्धा भरली.

आमच्या लॅबमधली मशिनं फार जुनी होती. नवी आली होती, पण ती खोक्यात होती. उद्घाटनाला मोठे पाहुणे हवे होते आणि पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा खोकी आली. मी पास होऊन बाहेर पडले तेव्हा खोक्यांवर दुसऱ्या वर्षाची मुलं डबे खात बसायची.

यावर सरांनी तोड काढली. जुन्या मशिनवर निदान ब्राउझर तरी उघडायचा. त्या ब्राउझरच्या खिडकीतच टर्मिनल उघडायचं, म्हणजे तो काळा पडदा, जिथं माउसचं काही चालत नाही आणि एकेक आज्ञा टाइप करून काम करून घ्यावं लागतं. पडदा आपल्यासमोर, खरं मशीन लांब कुठंतरी, कुणाच्या देशात कोण जाणे. फुकट होतं, झकास होतं, पण त्यात एक खोट होती. टर्मिनल दर वेळी उघडलं की नवं कोरं मशीन मिळायचं. काल त्यात जे बसवलं, मांडलं, ते सगळं पुसलेलं. प्रत्येकाच्या खात्यात आपल्या फायली ठेवायला एक जागा असायची, तेवढीच टिकायची.

त्या जागेत एक लपलेली फाइल असते. तिच्यात आपण ज्या आज्ञा लिहून ठेवू, त्या टर्मिनल उघडताक्षणी आपोआप चालतात. वरून खाली, एकामागून एक, कुणी सांगायची गरज नाही.

सरांना ही फाइल सापडली त्या दिवशी ते लॅबमध्ये शीळ घालत होते. देवानं आपल्या दारावरचा कागद बघून कॉम्प्युटर बनवला, असं त्यांना वाटलं असणार.

"गड्यांनो," ते म्हणाले, "नव्या मुक्कामावर पोचल्यावर आपण इचारत बसतो का, की आता काय करू? न्हाई. आदी तंबू, मग चूल, मग पहारा. ह्या फायलीत तेवढंच लिवायचं. मशीन नवं आसू दे, मुक्काम आपलाच."

खरं बोलायचं तर याच्याइतकं चांगलं आम्हाला चार वर्षांत कुणी काही समजावलं नाही. फाइलही चांगली होती. चार ओळींची. लागणारी सामग्री बसव, कामाच्या जागी ने, कालचं काम उघड, संपलं. सरांनी ती स्वतः लिहिली, दर सोमवारी आम्ही तिची नक्कल आपापल्या खात्यात उतरवून घ्यायची, आणि प्रत्येक ओळीशेजारी ती का लिहिली याचं कारण लिहायचं. मी आजही माझ्या कामात कारण लिहिते. हे कौतुक एवढ्यावर थांबवते, कारण फाइल चार ओळींवर थांबली नाही.

पाचवी ओळ आम्हाला नमस्कार करायची. सहावी वार सांगायची. मग एक ओळ रोजचा सुविचार दाखवायची. सुविचार सरांचे स्वतःचे, आणि त्यातले निम्मे बूट पॉलिश करण्याबद्दल. मग एक ओळ फलटणचं हवामान आणून दाखवू लागली.

"सर, फलटणच्या हवामानाचं आम्ही काय करू?" मी विचारलं.

"ऊस माझा हाय तितं. मी तुमच्यासाठी हितं थांबलोय, तुमी माझ्या उसासाठी दोन सेकंद थांबा."

एकोणिसावी ओळ प्रिंटर शोधायची. लॅबमध्ये प्रिंटर नव्हता. जो होता तो कधीच भंगारात गेला होता. तरी दर वेळी टर्मिनल उघडलं की ते बिचारं अर्धा मिनिट प्रिंटर शोधायचं, सापडला नाही म्हणून सांगायचं, आणि पुढं जायचं. ती ओळ काढून टाकूया, असं एकानं सुचवलं.

"काढायची न्हाई." सरांचा आवाज खाली आला. ओरडताना ते बरे वाटत, आवाज खाली आला की लॅब गप्प व्हायची. "लिवल्याली ओळ खोडायची न्हाई. ती कुणीतरी कारणानं लिवलीया."

"पण सर, ती तुम्हीच लिहिलीय. आणि प्रिंटर नाही."

"आज न्हाई. उद्या आला, आन् कुणी हुडकलाच न्हाई, तर?"

यावर उत्तर नव्हतं. सरांच्या पुष्कळ बोलण्यावर उत्तर नसायचं. ते बरोबर असायचे म्हणून नव्हे.

तर अशी ती फाइल वाढत गेली. टर्मिनल उघडायला टाकायचं आणि कॅन्टीनला जाऊन यायचं, असा आमचा रिवाज पडला. कॅन्टीनवाले मामा सरांच्या चहात आलं जास्त घालायचे. धंदा वाढवून देणारा असा माणूस त्यांना पुन्हा कुठं मिळणार होता?

आम्ही कॅन्टीनला जातो हे सरांच्या लक्षात आलं आणि त्यातून सत्तेचाळिसावी ओळ जन्माला आली. सगळं चालून झालं की टर्मिनल विचारायचं, "रोल नंबर?" तो दिला की म्हणायचं, "हजेरी?" यावर "हजर सर" असं टाइप करायचं. मराठीत. नुसतं "हजर" लिहिलं, किंवा ठरलेल्या वेळात काहीच लिहिलं नाही, की टर्मिनल बंद. पुन्हा पहिल्यापासून: नमस्कार, वार, बूट पॉलिश, ऊस, प्रिंटर. आणि ज्यानं नीट हजेरी दिली त्याचा नंबर आणि वेळ सरांकडच्या एका रजिस्टरच्या फाइलमध्ये आपोआप जाऊन पडायची. सर ती फाइल रोज घरी जाताना उघडून वाचायचे. इतर लोक वर्तमानपत्र वाचतात तसं, तोंडावर तेच समाधान आणि तीच काळजी.

शेवटच्या वर्षी पुण्याची एक कंपनी मुलं निवडायला आली. एकच. बाकीच्या कंपन्या फक्त कॉलेजच्या माहितीपुस्तकात येत. आम्ही बावीस जण परीक्षेला बसणार होतो.

माझ्यापुरतं गणित साधं होतं. गावच्या पतसंस्थेत खिडकीवर एक जागा रिकामी होती आणि चेअरमन वडिलांच्या ओळखीचे होते. त्या जागेला बारावी पास चालत होतं. वडील म्हणाले, "पुण्याचं झालं तर खुशाल जा. न्हाई झालं, तर एक तारखेपासनं हितं बसायचं. म्या शब्द दिलाय." कामाची मला लाज नव्हती. पण घराण्यातली पहिली इंजिनिअर, आणि बारावी पासच्या खुर्चीत? मग चार वर्षं मी सांगलीला काय फक्त फलटणचं हवामान बघायला आले होते?

परीक्षेची पद्धत कंपनीच्या मॅडमनी पुण्याहून व्हिडिओवर समजावून दिली. दोन ते चार, प्रत्येकानं आपल्या खात्यात, आपल्या टर्मिनलमध्ये दिलेलं काम करायचं. चारनंतर कुणीही आपल्या खात्यात शिरायचं नाही. पाच वाजता आमचा प्रोग्राम स्वतः एकेका खात्यात शिरेल आणि काम तपासेल.

मॅडम पडद्यावरून गेल्या. मी सरांना गाठलं.

"सर, त्यांचा प्रोग्राम आत शिरणार."

"शिरू दे की."

"शिरताना आपली फाइल चालणार. सत्तेचाळिसावी ओळ त्याला हजेरी विचारणार. तो 'हजर सर' कसा म्हणेल?"

सरांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पाहुण्यांना बाहेर चप्पल काढायला सांगू नका म्हणाले. "का म्हणणार न्हाई? परीक्षा घ्याया येतोय न्हवं? आपल्या लॅबमधी यायचं तर हजेरी देऊनच यायचं. कंपनी आसंल त्येच्या घरी."

"सर, त्याला माहीतच नाही. निदान उद्यापुरती ती ओळ काढा."

"परीक्षेच्या दिशीच शिस्त मोडायची व्हय?"

मागं बसलेली मुलं हसली. "चौदा नंबरला टेन्शन आलंय," एक जण म्हणाला. माझा रोल नंबर चौदा. मी गप्प बसले. सर गप्प बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना फॉल-इन करून रांगेत उभं केलं आणि एकेकाची फाइल मूळ फाइलशी जुळवून बघितली. कुणाची एक ओळ इकडची तिकडं नव्हती. फौज समाधान पावली.

दोन ते चार मी काम केलं. चांगलं केलं, हे मला आतून ठाऊक होतं. चारला सगळे उठले आणि कॅन्टीनला गेले. मी सायकल स्टँडवर गेले, फोनवर ब्राउझर उघडला आणि माझ्या खात्यात शिरले.

त्या छोट्या पडद्यावर मला नमस्कार झाला. वार कळला. फलटणचं आभाळ निरभ्र निघालं. प्रिंटर याही वेळी सापडला नाही. मग हजेरी. मी बोटानं "हजर सर" लिहिलं, आत गेले, सत्तेचाळिसावी ओळ काढून टाकली आणि बाहेर आले. दुसऱ्या कशाला हात लावला नाही.

बाकीच्या एकवीस जणांना मी सांगितलं नाही. सांगता आलं असतं, कॅन्टीन पन्नास पावलांवर होतं. मी मनात म्हटलं, मी काल सांगितलं होतं ना? तेव्हा हसलात. हे मी इथं मुद्दाम लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की या गोष्टीत विक्षिप्त माणूस एकच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकालाचा मेल आला. एकवीस जणांना शून्य. रोल नंबर चौदा, निवड.

प्राचार्यांनी तासाभरात पेढे वाटले. फ्लेक्सवाल्याला माझा फोटो गेला. ओळखपत्रावरचा, ज्यात मी नुकतीच रडून थांबल्यासारखी दिसते. वडिलांना मी फोन केला. ते म्हणाले, "चेअरमनला सांगून येतो. पोरगी पुण्याला चालली म्हणून." आणि खरोखर गेले, ड्यूटी बदलून. शब्द परत घ्यायला माणूस इतका आनंदानं गेलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

सरांनी पेढा घेतला नाही. ते लॅबमध्ये बसून होते. दुपारी त्यांनी आम्हा बावीस जणांना बोलावलं, प्राचार्यांनाही बोलावलं, आणि मॅडमना व्हिडिओवर घेतलं.

"मॅडम, एकवीस पोरं एकदम शून्य कशी? काम चुकलं का?"

"कामापर्यंत आम्ही पोचलोच नाही, सर. दारातच काहीतरी प्रश्न विचारला जातोय. उत्तर आलं नाही की बाहेर काढतंय."

प्राचार्य पुढं झाले. "मॅडम, काल आमच्याकडं लाइटचा जरा प्रॉब्लेम..."

"लाइट व्हती," सर म्हणाले. उभे राहिले, टाचा जुळवल्या. समोर लॅपटॉप होता, पण उभे राहिले ते एखाद्या जनरलसमोर राहावं तसे. "मॅडम, चूक माझी हाय. सत्तेचाळिसावी ओळ. ह्या पोरीनं आदल्या दिशी मला सांगितलं व्हतं. म्या ऐकलं न्हाई. पोरांचं काम तसंच पडून हाय, ते तपासा."

चार वर्षांत त्यांच्या तोंडून "चूक माझी" हे शब्द आम्ही ऐकले नव्हते. शब्द नवे असल्यासारखे ते जरा अडखळले.

मॅडम वाईट नव्हत्या. पण त्या पुण्याच्या होत्या आणि कामावर होत्या. "सर, तुमचं म्हणणं कळतंय मला. पण कालपासून आत्तापर्यंत या मुलांनी आत शिरून काम पूर्ण केलं नसेल, हे मी कशावरून मानू?"

सर हसले. इतके हसले की मिशी कानापर्यंत गेली. "त्येचीच तर सोय हाय माज्याकडं. हजेरी दिल्याबिगर आत कुणी जात न्हाई. आन् हजेरी दिली की वेळ पडती. रजिस्टर हाय, मॅडम." ज्या ओळीनं एकवीस जणांना बुडवलं, तीच आता त्यांना काढणार होती, आणि त्याचं सगळं श्रेय सरांनी तिथल्या तिथं शिस्तीच्या नावावर जमा केलं.

त्यांनी रजिस्टर उघडलं आणि एकेक वाचायला लागले. "एक नंबर, शेवटची हजेरी एक वाजून सत्तावन्न. दोन नंबर, एक अठ्ठावन्न..." परीक्षा सुरू व्हायच्या आधीच्या वेळा. त्यानंतर कुणी आत गेलेलं नाही. "बारा नंबर, एक एकोणसाठ. तेरा नंबर, एक सत्तावन्न. चौदा नंबर..."

सर थांबले.

   प्राचार्य म्हणाले, "काय झालं? वाचा की."

"चौदा नंबर," सर म्हणाले, "चार वाजून सहा मिनिटं." आणि न थांबता पुढं, "पंधरा नंबर, एक अठ्ठावन्न," असं करत बावीसपर्यंत गेले.

"चौदा कोण?" मॅडमनी विचारलं.

मी उभी राहिले.

"चारनंतर आत गेला होतात?"

"हो."

"काय केलंत?"

"ती ओळ काढली. आणखी काही नाही."

"पोरगी खोटं बोलत न्हाई," सर म्हणाले. "माजा इश्वास हाय."

"सर, माझाही असेल. पण नियम सगळ्यांना एकच ठेवावा लागतो."

"बरोबर," सर म्हणाले.

त्या "बरोबर"चा मला जेवढा राग आला, तेवढा शून्य मिळालं असतं तरी आला नसता.

पुढचं पटापट झालं. सरांनी मॅडमच्या माणसांना फोनवर उत्तर सांगितलं, आणि पुण्याच्या त्या मोठ्या कंपनीचा प्रोग्राम एकवीस वेळा मुकाट्यानं "हजर सर" म्हणून आत गेला. नऊ जण निवडले गेले. माझी निवड रद्द. तीन महिन्यांनी पुढची परीक्षा, तेव्हा बसायला हरकत नाही. माझा फ्लेक्स छापून आला होता. कापड चांगलं होतं, म्हणून तो उलटा करून सायकल स्टँडवर गळत्या पत्र्याखाली बांधला.

मुलं येताजाता म्हणायची, "चौदा नंबर, हजर का?" त्याचं काही वाटलं नाही. माझी खोलीतली मैत्रीण त्या नवांत नव्हती. ती सामान भरताना एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचंस की गं." याला मी अजून उत्तर शोधते आहे.

वडील परत चेअरमनकडं गेले. तिथं काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही. एक तारखेला मी त्या खुर्चीत बसले. खिडकीवर येणारा प्रत्येक जण विचारायचा, "शिकल्याली हायस न्हवं लय? मग हितं कशी?" मी पावती फाडून द्यायचे.

सरांचे फोन येत. मी उचलत नव्हते. त्यांच्यामुळं मी इथं आहे, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. एकवीस जणांसाठी त्यांनी एकीचा बळी दिला, आणि तेही त्या फाइलीतला एक शब्द न गाळता. शिस्तीचा माणूस! प्रिंटर शोधणारी ओळ ज्याला खोडवत नाही, तो माझी कशाला खोडेल?

तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी, बाजार होता, खिडकीसमोर रांग होती. मी मान वर न करता म्हटलं, "पासबुक द्या."

"खातं न्हाई माजं हितं."

सर होते. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. मिरजेहून म्हसवडला येईपर्यंत इस्त्री टिकलीच कशी, हा पहिला विचार माझ्या मनात आला.

"मग रांगेत कशाला उभे?"

"फोन उचलत न्हाईस. मग लाईन धराय नको?" ते म्हणाले. "गुरुवारी परीक्षा हाय. मॅडमशी बोलून तुजं नाव घातलंय. आपल्या लॅबमधी बसायचं."

"मी येणार नाही."

"का?"

"ती ओळ काढलीत का तुम्ही? सत्तेचाळिसावी?"

"काढतोय कशाला? तिच्या वर एक ओळ टाकली. समोर माणूस आसंल तरच हजेरी इचारायची. प्रोग्राम आसंल तर सोडून द्यायचा." हे त्यांनी जरा दबकत सांगितलं. पुढं नोकरीत मी बघितलं, जगभर शहाणी माणसं नेमकं हेच करतात. सरांना ते कुणी सांगितलं नव्हतं. आधी एकवीस शून्यं मिळवून मग ते त्यांनी स्वतः शोधलं.

मागच्या आजोबांनी काठी आपटली. "आवं गुरुजी, पैसं भरायचं का निस्तं बोलायचं?"

"थांबा की आजा, दोन मिनटं," सर म्हणाले.

मी खिडकीच्या जाळीजवळ तोंड नेलं. "तुम्ही माझी वेळ वाचलीत. एक ओळ गाळली असती तर कुणाला कळलं नसतं. एकवीस जणांचं झालंच असतं, माझंही राहिलं असतं."

सरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग हळू बोलले, फौजेत कुणी ऐकेल म्हणून बोलावं तसे.

"खोडणारच व्हतो, पोरी. म्या काय दगड हाय? बोट ठिवलं व्हतं त्या ओळीवर. पर वर बघितलं, तर तू माज्याकडंच बघत व्हतीस. टक लावून. मग कशी खोडू? तू बघत नसतीस, तर खोडली असती."

मी पावतीपुस्तक उगाच मिटलं आणि पुन्हा उघडलं.

"शिस्त-बिस्त काय न्हाई त्यात," ते म्हणाले. "निस्ती लाज. तवा तू मनात दुसरं काय धरू नगंस. गुरुवारी ये."

"व्हय गं, जा परीक्षेला," आजोबा म्हणाले. "पर आदी माजी पावती फाड."

मी आजोबांची पावती फाडली आणि मॅनेजरकडं रजेचा अर्ज दिला. गुरुवारी परीक्षा दिली. निवड झाली. आज पुण्यात आहे, आणि माझ्या हाताखाली बारावी पास नाही, इंजिनिअर आहेत.

सर अजून मिरजेला असतात, फोन करतात, आता मी उचलते. पण एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितलेली नाही. त्या दुपारी ते बारा, तेरा करत वाचत आले, तेव्हा चौदाव्या ओळीत काय आहे हे मला त्यांच्याआधी ठाऊक होतं. त्यामुळं मी त्यांच्याकडं बघत नव्हते. मान खाली घालून, डोळे गच्च मिटून बसले होते. मला त्या क्षणी कुणीच दिसत नव्हतं, सर तर नाहीच.

खोटं बोलायची सरांना सवय नाही, हे उघड आहे. आयुष्यात एकदा बोलायला म्हणून मिरजेहून म्हसवडपर्यंत आले, आणि ते नेमकं माझ्याजवळच बोलले.